चंद्रेच्या पुलावर

घाटात मोटार हाकण्याचा अभिमान आम्हां महाराष्ट्रीयांस असतोच. खंडाळा, आंबा, वरंधा हे घाट भर श्रावणात उतरलेल्यास हिमालयाच्या रस्त्याची काय मातब्बरी, अशा समजुतीने २०२३ च्या जानेवारीत वडील बंधू, वहिनी व दोन मुले यांस घेऊन आम्ही मनालीहून लाहूलकडे निघालो.

पूर्वी सुमारे तेरा हजार फूट उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बुजली की, लाहूलचे लोक जवळजवळ सहा महिने जगापासून तुटत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि नऊ किलोमीटरांत डोंगरापलीकडे जाता येऊ लागले. सोलंग येथे एका लाहूली वृद्धास आम्ही सिस्सूपर्यंत गाडीत घेतले. रस्ता साफ होता, म्हणून चाकांवर चढवावयाच्या साखळ्या डिकीतच राहिल्या. म्हाताऱ्याने त्यांची एकदा चौकशी केली. आम्ही नुसते हसलो.

बोगदा कोरडा व दिव्यांनी उजळलेला. बाहेर पडताच चंद्रा नदीवरील पूल लागतो. तो केवळ ओला दिसत होता. सवयीने आम्ही ब्रेक दाबला मात्र, गाडी कठड्याकडे सरकू लागली! चक्र फिरवावे, तर चाकांस त्याची दादच नाही. “पाय काढा!” म्हातारा ओरडला. पाय निघाला, चाके पुन्हा फिरू लागली, आणि पुलापलीकडील हिमाच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबली. वहिनींनी दोन्ही मुलांस पोटाशी धरले होते. त्या आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

साखळ्या चढविताना म्हाताऱ्याने आम्हांस धडा दिला. वाचकहो, पांढऱ्या बर्फाचे भय थोडे; तो दिसतो तरी. दुपारी वितळलेले पाणी सावलीत गोठून काचेसारखा पातळ थर होतो, तो मात्र डांबराच्याच रंगाचा दिसतो. पुलाखालूनही वारा वाहत असल्यामुळे पूल आधी गोठतो. शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ तर कडाक्याच्या थंडीतील बर्फाहून अधिक घसरडा. अशा ठिकाणी गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापटही अंतर लागू शकते. म्हणून वेग आधीच, खालच्या गिअरने उतरवावा. मागचे अंग घसरले, तर ज्या बाजूस ते जाईल त्याच बाजूस चक्र हलकेच वळवावे. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची घमेंड तर मुळीच नको. ती चालते चांगली, थांबते इतरांसारखीच. साखळ्या मात्र जोर असलेल्या चाकांवरच हव्यात, आणि कोरडा रस्ता लागताच काढावयाच्या. (हे सारे घाटवीरास एका लोकरी टोपीवाल्या आजोबांनी शिकवावे!)

सिस्सूस पोहोचल्यावर हातब्रेकही ओढू नये, तो रात्री गोठून अडकतो, असे त्यांनी बजावले. आम्ही गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावला. सकाळी तो जमिनीस असा चिकटला होता की, वडील बंधूंना पहारेने घाव घालावे लागले. निघण्यापूर्वी वहिनींनी डिकी उघडून पाहिली.

“भाऊजी, साखळ्या कुठे आहेत?”

आम्ही चाकांकडे बोट दाखविले. तेव्हाच त्या गाडीत बसल्या.