पायाची रात्रपाळी

माझा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होतो. डोंबिवली पूर्वेला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, बारा वर्षं झाली. सकाळचे डबे सातच्या आत भरावे लागतात, कारण लोकल कुणाच्या डब्यासाठी थांबत नाही. तोवर शंभरेक पोळ्या होतात. संध्याकाळी बायका गाडीतून उतरून थेट आमच्या खिडकीशी येतात, तेव्हा आणखी दीडशे. हे सगळं उभ्याने, अनवाणी, टाइल्सच्या फरशीवर. अनवाणी का ते पुढे सांगते, त्यात आमच्या सासूबाई आहेत.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत हौसेने उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या. हौस अंगाशी आली. दहा दिवस मी जवळजवळ बसलेच नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरले, उजवी टाच टेकवली आणि कुणी दाभण खुपसावं तशी कळ मस्तकात गेली. काच लागली असेल म्हणून दिवा लावून तळवा पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता. भिंत धरून, चवड्यावर लंगडत मोरीपर्यंत गेले, आणि गंमत म्हणजे गॅसपाशी पोचेस्तोवर दुखणं निम्म्यावर आलं. उभं राहून झालेलं दुखणं उभं राहिल्यावरच कमी होतं, असं कुठे असतं का? मी ते मनावर घेतलं नाही.

दिवाळीपर्यंत मात्र रोजचंच झालं. झोपून उठलं की कळ, दुपारी तासभर लवंडून उठलं की कळ, लग्नात पंगतीला बसून उठलं की कळ. मग सगळ्यांनी सगळे उपाय सांगितले. सासूबाईंचा उपाय विटेचा. वीट गॅसवर चांगली तापवायची, तिच्यावर रुईची पानं ठेवायची आणि त्यावर टाच दाबून धरायची. रुईसाठी मी शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेरच्या माळवालीकडून पानं आणायचे. ती एकदा म्हणाली, “ताई, माळ घ्या की, नुसती पानं कशाला?” मी म्हटलं, “मारुतीला नाही गं, टाचेला हवीत.” शेकल्यावर बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू? पण सकाळी पुन्हा दाभण होतंच. ओळखीच्या एका वैद्यांनी या दुखण्याला ‘वातकंटक’ म्हणतात असं सांगितलं. सुश्रुतसंहितेत ते आहे म्हणे, पाऊल वेडंवाकडं पडल्याने होणारं. कंटक म्हणजे काटा. नाव ज्याने ठेवलं त्याची टाच नक्की दुखत असणार.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला. टाचेच्या खाली पुढच्या बाजूला चोचीसारखं टोक दिसत होतं. “हाड वाढलंय,” एवढं ऐकलं आणि माझा धीर सुटला. हाड वाढलंय म्हणजे कापावं लागणार, माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. त्यांनी टाचेत इंजेक्शन दिलं. ते घेतानाची कळ सकाळच्या कळेची थोरली बहीण होती. पण नंतरचे सहा आठवडे मी पुन्हा माणसासारखी चालले. सातव्या आठवड्यात दुखणं परत आलं. मी दुसरं इंजेक्शन मागायला गेले तर डॉक्टरच नको म्हणाले. पुन्हापुन्हा दिलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, तळव्यातला पट्टाही तुटू शकतो. त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली.

फिजिओ आमच्याच बिल्डिंगमधली निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्यांची मुलगी, नुकतीच प्रॅक्टिस करू लागलेली, आठवड्यातून तीनदा आमच्याकडूनच डबा नेणारी. मी तिला परकर-पोलक्यात पाहिलेली. तिच्यापुढे पाय पुढे करून बसायचा मला संकोच. तिला नव्हता. तिने अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेला, जरा पुढे दाबलं आणि मी ओरडले. “काकू, हाडाचं विसरा,” ती म्हणाली. “तसं टोक पुष्कळांच्या एक्स-रेत दिसतं आणि त्यांचं काही दुखत नाही. तुमचं दुखतंय ते हाड नाही, त्याला चिकटलेला पट्टा आहे.”

तो पट्टा टाचेपासून निघून तळव्यातून बोटांपर्यंत जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात आणि माझ्या दुखण्याला प्लांटर फॅसायटिस. नावावरून सूज वाटते, पण २००३ साली काही रुग्णांचा काढलेला पट्टा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा सुजेपेक्षा झीजच जास्त दिसली. मग तिने मला पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगितला. उचलला, तर तळव्याची कमान आपोआप वर आली आणि कातडीखाली एक दोरी ताठ झालेली बोटाला लागली. हिक्स नावाच्या डॉक्टरने १९५४ साली याला रहाटाची उपमा दिली होती, असं ती म्हणाली. रहाट फिरला की दोर ताणला जाऊन गुंडाळतो, तसा अंगठा वर झाला की पट्टा ताणला जाऊन पाय कडक होतो. पाऊल उचलताना प्रत्येक वेळी हे घडतं. पन्नास वर्षं मी या रहाटावर चालत होते आणि मला पत्ताच नव्हता.

“पण मग सकाळीच का?” मी विचारलं. माझा खरा प्रश्न तोच होता.

“झोपल्यावर पाय कसा पडतो?”

मी पाय सैल सोडून दाखवला. चवडा खाली, बोटं पुढे, बॅलेवालीसारखा.

“रात्रभर असाच. म्हणजे पोटरी आखडलेली, पट्टाही आखडलेला. दिवसभरात जे झिजलं ते रात्री त्या आखडलेल्या अवस्थेत सांधायला लागतं, आणि सकाळी पहिल्याच पावलाला तुम्ही अख्खं वजन टाकून ते ताणता.”

मला एकदम आमची पेज गाळायची फडकी आठवली. पेजेचं फडकं पिळून तसंच बोळा करून ठेवलं तर सकाळी कडक होतं, आणि झटका देऊन उलगडलं की टरकतं. तेच दोरीवर ताणून वाळत घातलं तर सरळ राहतं. मी तिला हे सांगितलं तर ती हसली. “बरोबर. तुमचा पाय रात्री दोरीवर घालायचाय.”

दोरी म्हणजे नाइट स्प्लिंट. पाऊल आणि नडगी काटकोनात धरून ठेवणारा बूट, फक्त झोपताना घालायचा. चपलेचा नंबर बघून ऑनलाइन मागवला, १,८०० रुपये. मागून पोटरीपासून तळव्यापर्यंत जाड प्लास्टिकची पन्हळ, वर तीन पट्टे, दोन्ही बाजूंना आवळायचे बंद. पहिल्या रात्री तो चढवून मी पलंगावर बसले तर हे म्हणाले, “ओपनिंगला जाणार आहेस की वन डाऊन?” मला हसूही आलं नाही. मी कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपणारी. बुटासकट वळायचं म्हणजे पलंगावर ओंडका ढकलायचा. रात्री सव्वा वाजता काढून फेकला.

दुसऱ्या रात्री हट्टाने सगळे बंद करकचून आवळले. लवकर बरं व्हायचं होतं ना! तीन वाजता जाग आली ती बोटांना मुंग्या येऊन. सकाळी फिजिओने मला अक्षरशः रागे भरलं. वयाने माझ्या मुलीएवढी, पण ऐकून घेतलं. ओढ जाणवली पाहिजे, दुखलं नाही पाहिजे. मुंग्या आल्या की लगेच सैल करायचं. आधी नुसतं काटकोनात, मग सवय झाली की बंद किंचित ओढून चवडा आणखी जरासा आपल्याकडे. आणि पहिल्याच दिवशी अख्खी रात्र नाहीच. आधी मालिका बघताना पाऊण तास, मग दोन तास, मग झोपेत जमेल तेवढं. यांना मधुमेह आहे. “माझ्याही टाचा दुखतात, मला दे एक दिवस,” असं हे म्हणाले तेव्हा तिने तिथल्या तिथे नाही म्हटलं. पायाची संवेदना कमी असली तर पट्टा रुतलेला कळतच नाही.

तो ओंडका बदलून मी दुसऱ्या प्रकारचा घेतला. यात टेकू नडगीवर पुढून येतो आणि टाच, तळवा मोकळा राहतो. हलका, पांघरुणात मावणारा. एकाच गोष्टीची खबरदारी ती सतत बजावायची: तो घालून चालायचं नाही. हे मला पटलं होतं, पण रात्री दोनला सासूबाईंनी पाण्यासाठी हाक मारली तेव्हा आठवलं नाही. दोन पावलं टाकली आणि टाइल्सवर पाय सरकला. कपाट धरलं म्हणून वाचले, पण वरचा चकल्यांचा डबा खाली आला आणि खालच्या मजल्यापर्यंत सगळी बिल्डिंग जागी झाली. त्या दिवसापासून उठायच्या आधी पट्टे सोडायचे. वेल्क्रोचा तो चर्रर्र आवाज! यांची झोप मोडायची आणि हे कूस बदलत पुटपुटायचे, “झाली ड्यूटी सुरू.”

फक्त बुटावर तिने मला सोडलं नव्हतं. अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आधी उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटं नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. आणि ओट्यापाशी अनवाणी उभं राहणं बंद.

इथे सासूबाई आल्या. आमच्या स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे ब्रह्महत्या. मी आधी रबरी मॅट आणली, ती त्यांनी चालवून घेतली. नवीकोरी, बाहेर पाऊलही न ठेवलेली जाड तळव्याची चप्पल आणली तेव्हा मात्र त्यांनी ताट सरकवलं. दोन दिवस घरात गार वारा. तिसऱ्या दिवशी त्याच कपभर चहा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “माझे आजोबा सोवळ्यात खडावा घालून पूजेला बसायच्या आधी घरभर फिरायचे. खडावा चालतात तर हे चालायला काय हरकत आहे? फक्त घरातच ठेव हो, ही.” मी काहीच बोलले नाही. सासूबाईंनी स्वतःहून वाट काढली की सुनेने मधे बोलू नये.

बरं वाटतंय की नाही हे मी पावलांनी मोजायचे. आमच्या पलंगापासून गॅसपर्यंत १९ पावलं आहेत. फेब्रुवारीत बूट सुरू केला तेव्हा मी पूर्ण १९ लंगडायचे. दोन आठवडे ढिम्म फरक नव्हता आणि मी तो विकायला काढणार होते. तिसऱ्या आठवड्यात फ्रिजपाशी, म्हणजे १३ व्या पावलाला, पाय सरळ पडू लागला. गुढीपाडव्याला देवघराचा उंबरा, सहावं पाऊल. मधेच उन्हाळा आला, रात्री वीज गेली, बुटात पाय घामाने चिकट झाला. दोन-तीन रात्री घातला नाही की पुन्हा फ्रिज. आत सुती मोजा घालायला लागले तेव्हा ते जमलं. जून उजाडता उजाडता पावलं मोजायची राहून गेली.

कशामुळे बरं झालं? मी फिजिओला विचारलं. तिने सरळ सांगितलं की स्प्लिंटच्या अभ्यासांत सगळे निष्कर्ष एकसारखे नाहीत, काहींना खूप उतार पडतो, काहींना विशेष नाही, आणि बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात तसंही जातं. हे श्रेय बुटाला देतात. सासूबाई अजून विटेला. मला विचाराल तर ज्या रात्री बूट नसायचा त्याच्या दुसऱ्या सकाळी पावलं वाढायची, एवढं मी स्वतः मोजलंय.

बूट आता बाल्कनीतल्या खुंटीला लटकतो. कामवाल्या मावशींनी एकदा तो जुनं पॅड समजून भंगारात काढला होता, मी धावत जाऊन परत आणला. धावत, हे लिहिताना लक्षात आलं. यंदा गणपतीच्या मोदकांची यादी निम्म्यावर आणली, मळायला-वळायला दोघी जास्तीच्या बोलावल्या आणि ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवलं. हरतालिकेच्या रात्री सगळं आवरल्यावर बूट खुंटीवरून काढला आणि वेल्क्रोत अडकलेला कापूस, केसांचे गुंते आणि कुठूनसा आलेला नारळाचा चव जुन्या कंगव्याने काढत बसले.