पूर्ण झालेलं विमान

सातवीच्या वर्गाला कॅप्टन अमोल यादवांबद्दल सांगत होते. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग आता ते रोज उडतं का?"

यादवांचं घोडं कागदपत्रांत अडलं होतं. पण अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलं असेल, तर अशा विमानाला रीतसर परवाना मिळतो. तिथेही कितीतरी विमानं पूर्ण झाल्यावर फारशी उडत नाहीत. संध्याकाळ आणि सुट्ट्या खर्चून वर्षानुवर्षं बांधायचं, त्या नादात उडण्याचा सराव सुटतो. पैसे संपलेले असतात. हँगरचं भाडं आणि विमा चालूच. त्यात पहिले २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीतच चाचणी. आपणच ठोकलेल्या रिव्हेटांवर आपलाच जीव टांगायचा असतो. शिवाय कित्येकांना उडायचं नसतंच, बांधायचं असतं.

हे शेवटचं मला घरात कळलं. अब्बांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवला. निवृत्तीनंतर भंगारातून एक राजदूत मोटारसायकल आणली. मिळेना तो भाग स्वतः टर्न केला. सात वर्षं अंगणात तेलाचा वास. अम्मी चिडायची, पण रोज संध्याकाळी चहा तिथेच नेऊन द्यायची. गेल्या वर्षी अम्मी गेली आणि त्यानंतर महिनाभरातच गाडी पहिल्या किकला सुरू झाली. अब्बांनी इंजिन बंद केलं, वर जुनी चादर टाकली.

मी खूप मागे लागले. "अब्बा, रंकाळ्यापर्यंत तरी चला. मी मागे बसते." ते हसून विषय बदलायचे. भाईजान म्हणाला, विकून टाका. त्याच्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत.

वर्गातल्या त्या मुलीला मी म्हणाले, उद्या सांगते.

संध्याकाळी घरी आले तर चादर बाजूला होती. कार्ब्युरेटर खोलून अब्बांनी वर्तमानपत्रावर मांडला होता. गाडीला काहीच झालेलं नव्हतं.

"थोडं काम राहिलंय," ते म्हणाले.

मी आत जाऊन चहा ठेवला.