टोप्यांचा नाद

कोणी नाणी जमवतं, मी टोप्या जमवतो. जुन्या फेल्ट टोपीची खरी मजा आतल्या पट्टीवर. कारखान्याचं नाव, गाव, सगळं छापलेलं! १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, तेव्हा तुर्कांनी ऑस्ट्रियात बनलेल्या फेझ टोप्यांवर बहिष्कार टाकला. टोपीचं राजकारण काही आपल्याकडेच नाही बरं का.

पण आमच्या रोहण्यात मिळालेल्या खादीच्या टोप्यांवर नावच नाही. सूत कोणी कातलं, शिवली कोणी, काही पत्ता नाही. गांधीजींनी पांढरा रंग निवडला तो मळ दिसावा आणि टोपी धुतली जावी म्हणून. फेल्टचं तसं नाही, ते गरम पाण्यात आटतं. गंमत म्हणजे १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी स्वतः टोपी सोडली. १९३६ मध्ये आमच्या जिल्ह्यात, सेवाग्रामला (तेव्हाचं शेगाव) राहायला आले ते उघड्या डोक्यानेच. टोपी जपली ती गावोगावच्या म्हाताऱ्यांनी.

आजोबांची टोपी धुऊन धुऊन पार विरलीये. संग्रहासाठी मागितली तर आजी म्हणाली, "आधी धुऊन घे, मंग ठेव."

असो. बनवणाऱ्याचं नाव कधीच कळणार नाही. म्हणून टोपीसोबत चिठ्ठी ठेवलीये, वापरणाऱ्याच्या नावाची.