साडेआठचे दोन भाव

संपादकांनी विषय दिला, ‘पुढे एमएस-पीएचडी करायची असेल तर इंजिनिअरिंगला कॉलेज कसं निवडावं’, आणि वर ताकीद दिली, “मॅडम, समीकरणं नकोत.” समीकरण एक येणार आहे. ते गाळलं तर या विषयावर मला सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

मी कंट्रोल सिस्टिम्स शिकवते. प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की माझा फोन माझा राहत नाही. बोलणारे बहुतेक वडील असतात आणि त्यांना फक्त एक नाव हवं असतं. यंदा सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी फोन केला. रोबोटिक्समध्ये संशोधन करायचंय, हे मुलीनं मध्येच फोन घेऊन स्वतः सांगितलं, म्हणून ती लक्षात राहिली. हातात दोन पर्याय होते. जुन्या सरकारी कॉलेजात मेकॅनिकल, नाहीतर पुण्याजवळच्या नव्या खाजगी कॉलेजात अशी शाखा, जिच्या नावातच रोबोटिक्स आणि एआय दोन्ही आहेत. वडील म्हणाले, “मॅडम, दुसऱ्याचा कटऑफ वरचा आहे. म्हणजे चांगलंच असणार ना?”

कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी तिथली शेवटची जागा घेणाऱ्या मुलाचं पर्सेंटाइल. त्यातून मागणी कळते, शिकवणं कळत नाही. त्या मुलाच्या पालकांनीही त्याच्या आदल्या वर्षीचा कटऑफ पाहूनच फॉर्म भरलेला असतो. एनआयआरएफची क्रमवारी निदान काही मोजते, पण इंजिनिअरिंगच्या यादीत त्यातला ३० टक्के भार संशोधन आणि व्यावसायिक कामाचा आहे आणि १० टक्के लोकमताचा. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ऑसिलोस्कोपला हात लावायला मिळतो की चौघांत एक जण वाचतो आणि तिघं जर्नल उतरवतात, हे त्या आकड्यांतून समजत नाही.

‘एनबीए मानांकित’ या पाटीबद्दलचा गैरसमज तर जाता जात नाही. एनबीए कॉलेजला मानांकन देत नाही, एकेका अभ्यासक्रमाला देतं, तेही ठरावीक वर्षांपुरतं. एकमेकांच्या इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, पण त्या कराराखाली मान्यता मिळते ती एनबीएच्या ‘टिअर वन’ गटातल्या, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्थांच्या अभ्यासक्रमांना. माहितीपत्रकात हा फरक बारीक अक्षरांतही नसतो. तसं पाहिलं तर हा करार परदेशात व्यावसायिक परवाना काढताना जास्त उपयोगी पडतो. पीएचडीचे अर्ज वाचणारा प्राध्यापक तो क्वचितच पाहतो. तो गुणपत्रक उघडतो.

आता समीकरण. जर्मन विद्यापीठांत परदेशी गुण बदलून घ्यायला ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या अंतरानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. जर्मनीत १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. आपल्याकडे १० पैकी ८.५ असलेली दोन मुलं घ्या. एकाच्या संस्थेत पासाचा सर्वांत खालचा ग्रेड ४ गुणांचा, दुसऱ्याच्या संस्थेत ५ गुणांचा. पहिल्याचे होतात १.७५, दुसऱ्याचे १.९. हा फरक आयआयटींतसुद्धा आहे. पवईला खालचा ग्रेड ४ चा, खरगपूरला ५ चा. प्रवेशाची अट २.५ ची असेल, आणि ती बऱ्याच ठिकाणी असते, तर पहिल्याला ७ पुरतात, दुसऱ्याला ७.५ लागतात. म्हणजे पासाची रेघ खाली ओढणाऱ्या संस्थेतल्या मुलाचा फायदा! काही विद्यापीठं स्वतःचे तक्ते वापरतात, हे मान्य. पण यावर मी विभागाच्या बैठकीत बोलायला लागले की सहकारी चहा मागवतात, आणि वाचकही आता पान उलटायच्या बेतात असतील.

उलटू नका, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. ग्रेडच्या आधी विषय पाहिले जातात. जर्मनीत बऱ्याच मास्टर्सना गणित, मेकॅनिक्स, कंट्रोल यांचे ठरावीक क्रेडिट लागतात. रोबोचा हात हलवायचा तर मॅट्रिक्स, आयगनव्हॅल्यू आणि डिफरन्शियल इक्वेशन यांच्यावाचून गत्यंतर नाही. प्रणाली स्थिर आहे का, हे आयगनव्हॅल्यूच्या वास्तव भागाचं चिन्ह सांगतं... थांबते. मुद्दा इतकाच, की आकर्षक नावाच्या शाखांत एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, आक्रसलेला असतो आणि पायथनच्या कार्यशाळा फुगलेल्या असतात. शाखेचं नाव वाचू नका, चारही वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि गणिताचे क्रेडिट मोजा. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी समोरून प्रश्न येतो, “पण प्लेसमेंट कशी आहे?”

तो प्रश्न चुकीचा आहे असंही मला ठामपणे म्हणवत नाही. बारावीला “संशोधन करणार” म्हणणाऱ्यांपैकी किती तरी जण सातव्या सेमिस्टरला कॅम्पसमधली नोकरी घेऊन मोकळे होतात, आणि घरावर शैक्षणिक कर्ज असेल तर ते शहाणपणाचंच असतं. अठराव्या वर्षी आपण बाविसाव्या वर्षीच्या माणसासाठी कॉलेज निवडत असतो, आणि तो माणूस कुणीच पाहिलेला नसतो.

शिफारसपत्रांचं दुखणं वेगळं. अमेरिकी पोर्टलवर चौकटी असतात. हा विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत? साठ-सत्तरच्या तुकडीत जो फक्त ओरलला भेटला, त्याच्याबद्दल मी काय लिहू? तो स्वतःच मसुदा आणतो, आणि ते सगळे मसुदे एकाच सिनियरच्या मसुद्यावरून उतरवलेले असतात. उलट विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला जाऊन आलेली, किंवा प्रोजेक्ट विकत न आणता मोटर दोनदा जाळून तिसऱ्यांदा चालवलेली मुलगी असेल, तर पत्र सुचायला मला वेळ लागत नाही.

म्हणून सांगलीच्या मुलीला मी नाव दिलं नाही. दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि विचार, म्हटलं, लॅब संध्याकाळी कितीपर्यंत उघडी असते, चाव्या कुणाकडे असतात, गेल्या वर्षी कोणत्या शिक्षकाबरोबर कुणी काय केलं. तिनं खरंच विचारलं. सरकारी कॉलेजात गणित भक्कम, पण पदं रिकामी, बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर, लॅब साडेपाचला बंद. खाजगीत लिनिअर अल्जेब्रा अर्ध्या युनिटात उरकलेलं, पण नुकतीच पीएचडी करून आलेले एक सर रात्री नऊपर्यंत मुलांसोबत रोबो जुळवत बसतात. तिनं सरांसाठी खाजगी कॉलेज निवडलं. मी तिच्या जागी असते तर कदाचित मेकॅनिकल घेतलं असतं, पण तशी खात्री देता येत नाही. ते सर कंत्राटावर आहेत आणि कंत्राट किती वर्षांचं आहे ते कॉलेज सांगत नाही. लिनिअर अल्जेब्रा तिला एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्समधून पूर्ण करायला सांगितलंय, आणि पहिल्या आठवड्याची गणितं तिनं पाठवलीही आहेत. वडिलांनी मात्र नातेवाइकांत सांगून ठेवलंय की मॅडमच्या सल्ल्यानं कटऑफ बघून कॉलेज घेतलं.