वाळूत गिरवलेली अक्षरं

मे महिन्यात आम्ही नागोरच्या दर्ग्याला गेलो होतो. तिथला सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह भोसले राजांनी बांधून दिलेला. परतताना मी तरंगंबाडीला गाडी थांबवायला लावली. बायको म्हणाली, "आता चर्चपण बघायचं?" म्हटलं, "एका विद्यार्थ्याचं आहे, बघू या."

समुद्रकाठचं हे गाव म्हणजे डेन्मार्कची जुनी वसाहत ट्रांकेबार. डॅनिश लोकांनी १६२० साली ही जागा रघुनाथ नायकाकडून मिळवली. पुढे तंजावर मराठ्यांकडे आलं. १७१८ साली इथं न्यू जेरुसलेम चर्च उभं राहिलं, तेव्हा भोवती भोसल्यांचंच राज्य होतं.

चर्च लुथरन पंथाचं आणि लहानसंच. पण तमिळ लुथरन चर्चचे बिशप तिरुचिरापल्लीत असले, तरी त्यांची पदवी 'ट्रांकेबारचे बिशप' अशीच आहे. इमारतीचा आराखडा क्रूसाचा, चारही भुजा सारख्या. त्यामुळे कुठल्याही बाजूला बसलेला माणूस मधल्या जागेपासून फार दूर राहत नाही. दर्शनी भिंतीवर डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याचा मुकुट आणि आद्याक्षरं आहेत. २००४ च्या त्सुनामीत चर्चचं नुकसान झालं, नंतर दुरुस्ती झाली.

आत बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग या जर्मन धर्मगुरूची कबर आहे. १७०६ साली तो इथं उतरला. धर्मप्रसार हाच त्याचा हेतू होता, ते झाकायचं कारण नाही. पण त्यासाठी तो आधी गावातल्या शाळामास्तरांसमोर मुलांच्या रांगेत जमिनीवर बसला आणि वाळूत बोटानं तमिळ अक्षरं गिरवू लागला. १७१५ साली त्याचा तमिळ 'नवा करार' इथंच छापला गेला. दक्षिणेतल्या देवदेवतांवरही त्यानं एक ग्रंथ लिहिला. तो मात्र जर्मनीतल्या त्याच्या वरिष्ठांना रुचला नाही. छापला गेला तो थेट १८६७ साली. याच मिशनच्या बेंजामिन शुल्त्सेनं हिंदुस्तानीचं, म्हणजे आमच्या उर्दूच्या घराण्यातल्या बोलीचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं. ते १७४५ साली छापलं गेलं.

मुलीनं विचारलं, "अब्बू, यांना तमिळ शिकवणाऱ्या सरांचं नाव कुठं आहे?"

मी भिंतींवरून नजर फिरवली. मला तरी ते दिसलं नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बदली होऊन नव्या शाळेत गेलो की कुणीतरी कौतुकानं म्हणतंच, "मुसलमान असून किती छान मराठी बोलता!" मोहल्ल्यात उलटं. "मास्टरसाब, बच्चों पे मराठी का इतना बोझ कायको?" इतकी वर्षं दोन्हीकडं नुसतं हसून वेळ मारून नेली. त्या 'असून'चं काय करायचं, ते कळत नव्हतं.

त्या कबरीजवळ कळलं. भाषा जन्मानं किंवा धर्मानं मिळत नाही, ती कुणीतरी शेजारी बसवून शिकवावी लागते. मला दुसरीच्या बाईंनी मराठी शिकवली. माझं बोट धरून त्यांनी पाटीवर 'ळ' गिरवून घेतला होता, कारण तो घरी कुणालाच येत नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली. एका नव्या सहकाऱ्यानं तेच कौतुक केलं. या वेळी मी हसलो नाही. त्यांना बाईंचं नाव सांगितलं.