आठ मात्रा

"तुझे आवडते दहा अल्बम सांग" असं कुणी म्हटलं की माझी पंचाईत होते. एक तर आमच्या घरात अल्बम म्हणजे फोटोंचा. गाण्याची असायची ती तबकडी, नाहीतर कॅसेट. आणि दुसरं म्हणजे मी जे ऐकत मोठा झालो त्यातलं निम्मं कधी बाजारात आलंच नाही. कुणाच्या तरी माडीवर झालेली बैठक, कुणीतरी टेप केलेली, तिची चौथी प्रत, तिच्यावर बॉलपेनाने लिहिलेलं "बागेश्री, मग नाट्यपद, उरलेल्यात बातम्या". आता हिला कितवा नंबर द्यायचा?

तरीपण प्रयत्न करतो.

पहिला नंबर डोळे मिटून १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'ला. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या रागापासून रात्रीपर्यंत. आपल्याकडे खऱ्या अर्थाने ज्याला अल्बम म्हणावं असं जे थोडं आहे त्यातलं हे एक, कारण त्याचा क्रम हलवला की अर्थ हलतो. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये 'शफल' चालू राहिलं असेल तर त्या मेंढपाळाचा सूर्य आधी मावळतो आणि मग उगवतो!

दुसरा नंबर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांच्या. खाँसाहेब १९३७ साली गेले, पण मिरजेच्या माणसाला ते गेल्यासारखे कधी वाटतच नाहीत. ते मिरजेत राहिले, त्यांची कबर तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि दर वर्षी त्यांच्या नावाने तिथे गाणं होतं. आमचं बालपण त्याच गावातलं. तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या दुकानांवरून शाळेत जायचं, आणि कुणीतरी आत बसून जवारी काढत असायचं. घोडीवरून तार जिथून सुटते तिथे कणाकणाने घासायचं, दोरा सरकवायचा, छेडून बघायचं, पुन्हा घासायचं. त्या वयात वाटायचं हा माणूस दिवसभर एकच तार काय वाजवतोय..

तिसरा नंबर किशोरीताईंच्या भूपाला. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, पण कुठेही घाई नाही, आणि संपल्यावर काही राहून गेलं असंही वाटत नाही. चौथा नंबर मल्लिकार्जुन मन्सूर, कुठलाही जोडराग. बस्स, इथे यादी अडते, कारण यापुढचं सगळं त्या बॉलपेनवाल्या कॅसेटमध्ये आहे.

*

मैफलींचं म्हणाल तर पुण्याला आल्यावर सवाई. १९५३ साली भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव. मी जायला लागलो तेव्हा तो रमणबागेत व्हायचा. डिसेंबरची थंडी, सतरंजी, शाल, मध्यरात्रीचा चहा आणि शेजारी अनोळखी आजोबा, जे दर दहा मिनिटांनी "मागच्या खेपेला जास्त रंगला होता" असं आपल्याला बजावून सांगणार.

या महोत्सवाची एक गोष्ट मला फार आवडते. त्याची सांगता गायकाने होत नाही, ध्वनिमुद्रिकेने होते. सगळे कलाकार गाऊन-वाजवून झाले की शेवटी सवाई गंधर्वांची भैरवी लावतात. हजारो माणसं एका स्पीकरपुढे गप्प बसून एका जुन्या तबकडीची खरखर ऐकतात. "रेकॉर्डिंग म्हणजे खरं गाणं नव्हे" असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाच्या पुढे उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंधनं आली. झोपणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर ठीकच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की मध्यरात्रीचा दरबारी मध्यरात्री, मांडवात बसून ऐकणं जवळजवळ संपलं. आता तो वेळेवर ऐकायचा तर घरी, कानात हेडफोन घालून. म्हणजे ज्या यंत्राला आपण नावं ठेवत होतो त्यानेच प्रहर सांभाळला म्हणायचा!

*

आता या यंत्राकडे वळतो. विनअँप १९९७ साली आलं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना कॉम्प्युटरवर गाणं ऐकायची सवय त्यानेच लावली. ती हिरव्या आकड्यांची छोटीशी खिडकी आणि नाचणाऱ्या पट्ट्या. (भाच्याला दाखवली तर म्हणाला, "मामा, हे कॅल्क्युलेटर आहे का?")

पण आपलं गाणं त्यात बसवायला गेलं की अडायचं. एमपी३च्या पोटात माहिती लिहायची जी पहिली पद्धत होती, आयडी३, तिच्यात सगळ्याला मिळून १२८ बाइट. नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, आणि प्रकाराला एक आकडा. प्रकारांच्या मूळ यादीत पोल्काला स्वतःचा आकडा होता, ख्यालाला नव्हता. देवनागरीची तर सोयच नव्हती. मग यमन कुणी एका स्पेलिंगने लिहिणार, कुणी दुसऱ्या, कुणी त्याला 'इमन' म्हणणार, आणि शोधायला गेलं की तिन्ही तीन ठिकाणी. ताल कुठे लिहायचा? प्रहर कुठे?

दुसरी अडचण सांध्याची. सीडीवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं. गायक थांबलेला नसतो, ट्रॅक बदललेला असतो. एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा चिकटते, त्यामुळे नेमकं विलंबितातून द्रुतात जाताना तंबोऱ्याला उचकी लागायची. इतर कुणाला ते जाणवायचंही नाही. मला मात्र जेवताना खडा लागावा तसं व्हायचं.

२००२ साली फूबार२००० आलं आणि माझे हे दोन्ही प्रश्न सुटले. दिसायला अगदी रुक्ष, हिशेबाच्या वहीसारखं. पण त्यात सांधा न जाणवता वाजतं, आणि माहितीचे रकाने आपले आपण करता येतात. मी राग, ताल, प्रहर आणि पट्टी असे चार रकाने केले, तेही देवनागरीत. अजून तेच वापरतो. फोनवरच्या अ‍ॅपवर लाखो गाणी आहेत हे खरंच, मी तीही ऐकतो. पण "उत्तररात्रीचे राग, विलंबित एकताल" असं मागितलं की मला हवं ते देणारी जागा ही एकच, कारण ती माहिती मी स्वतः बसून भरलेली आहे.

*

आता त्या बागेश्रीच्या कॅसेटबद्दल. खरं तर हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय.

१९८४ साली मिरजेत एका स्नेह्यांच्या माडीवर बैठक झाली होती. गायकांचं नाव लिहीत नाही, कारण ती खाजगी बैठक होती. बाबांनी ऑफिसातल्या मित्राचा सेलवर चालणारा टेप आणला होता आणि सी-६०, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. बागेश्रीची बढत सुरू झाली. एकेक सूर करत गायक मध्य सप्तकातून वर निघाले, कोमल निषादावर येऊन रेंगाळले, आता तार षड्ज लागणार.. आणि टेप संपली. बाबांनी झटकन कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला सुरू होतं तेव्हा षड्ज लागून गेलेला आहे आणि लोक "वा" म्हणताहेत.

ही कॅसेट आमच्या घरी शेकडो वेळा वाजली. आणि प्रत्येक वेळी पहिली बाजू संपली की बाबा कॅसेट उलटताना तो षड्ज स्वतः लावायचे. "इथे त्यांनी असा लावला, आणि समेवर असे आले." बाबा काही गायक नव्हेत, पण तो एक सूर त्यांचा पक्का होता. ताई, तुला आठवत असेल, आपण दोघं डबा खात असलो तरी थांबायचो. त्या बागेश्रीतला षड्ज आमच्यासाठी कायम बाबांच्याच आवाजातला आहे.

बाबांनी ऐंशी ओलांडली आणि कान गेले. श्रवणयंत्र आलं, बोलणं नीट ऐकू यायला लागलं, पण गाणं ऐकणं त्यांनी बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "तंबोरा थरथरतो. मधेच नाहीसा होतो." आम्हाला वाटलं, वय. नंतर ऑडिओलॉजिस्टबाईंनी उलगडा केला. श्रवणयंत्र मुळात बोलण्यासाठी बनवलेलं. एकच सूर लांबत राहिला की ते त्याला गोंगाट समजून दाबतं, किंवा स्वतःचीच शिट्टी समजून मारायला जातं. म्हणजे आपल्या संगीताचा जो पाया, तोच त्याला कचरा वाटतो. त्यांनी यंत्रात गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून दिला, त्यात ही दाबादाबी बंद असते.

त्याच सुमारास मी कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली होती. ऑडॅसिटी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, डेकमधून वायर जोडायची आणि तीस मिनिटांना तीस मिनिटं बसून राहायचं. बागेश्री घेतली तर गायकांची पट्टी काळी एकऐवजी पांढरी दोन! त्या रात्री टेपचे सेल उतरले असणार. रेकॉर्ड होताना फीत हळू सरकली की नीट डेकवर ती जोरात पळते, आणि सुमारे सहा टक्के वेग वाढला की सूर एका पट्टीने चढतो. वेग तेवढा उतरवला तेव्हा आवाज ओळखीचा झाला.

मग भाच्याने खरखर घालवून दाखवली. त्यात एक शांत तुकडा निवडून सॉफ्टवेअरला सांगायचं असतं की "हा गोंगाट, हा सगळीकडून काढ". पण आपल्या बैठकीत शांत तुकडा असतोच कुठे? गायकाच्या आधी तंबोरा सुरू होतो आणि नंतर थांबतो. खरखरीबरोबर तंबोराही गेला, आणि गायक जणू पाण्याखालून गायला लागले. अगदी बाबांच्या श्रवणयंत्राचीच तऱ्हा. खरखर परत आणली.

राहिली मधली जागा. ती नेमकी किती मोठी, हे बोटावर मोजता आलं. पहिल्या बाजूवर शेवटी ऐकू येते ती सातवी मात्रा, दुसरी बाजू चौथ्या मात्रेवर सुरू होते. एकताल बारा मात्रांचा, म्हणजे आठवीपासून बारावीपर्यंत पाच आणि पुढच्या आवर्तनातल्या तीन, समेसकट. आठ मात्रा. लय अशी की एक मात्रा सुमारे चार सेकंदांची, म्हणजे बत्तीस सेकंद. कॅसेट उलटायला लागणारा वेळ बघता एवढंच गेलं असणार, पूर्ण आवर्तन जादा नाही.

भाचा म्हणाला, "मामा, आता हे भरून मिळतं. त्याच आवाजात षड्ज लावून देतील, कळणारही नाही." त्याचं म्हणणं खोटं नाही. आणि तो हे प्रेमानेच म्हणत होता, आजोबांना सलग ऐकायला मिळावं म्हणून. नाहीतर दोन्ही बाजू नुसत्या जोडून टाकायच्या, हा सोपा मार्ग. पण मग ताल लंगडतो. सातव्या मात्रेनंतर चौथी येते, आणि ज्याच्या बोटावर ताल आहे तो अडखळतो.

मी तिथे बत्तीस सेकंदांची शांतता ठेवली. मोजून आठ मात्रा. त्या जागेत जे झालं ते त्या माडीवरच्या माणसांनीच ऐकलं, आणि आमच्या ओळखीत त्यातले आता फक्त बाबा उरलेत. तिथे दुसरा कुठलाही गोड षड्ज बसवला की बाबांची साक्ष खोटी पडते. एवढं भाच्याला समजावून सांगितलं. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण फाइल तशीच ठेवली त्याने.

गेल्या दिवाळीत बाबांना ती ऐकवली, गाण्याचा प्रोग्रॅम लावून. डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. शांतता आली तेव्हा त्यांचा हात थांबला नाही. आवाज लागला नाही, षड्जाच्या बराच खाली राहिला, पण ओठ हलले आणि समेवर मान बरोबर पडली. चौथ्या मात्रेला टेप सुरू झाली आणि ते तालात होते. नंतर म्हणाले, "सेल उतरले होते हे तुला कसं कळलं?"

असो. फाइल ताईला, दोन्ही काकांना आणि पुण्यातल्या मावशीला पाठवली आहे. चार घरी असलेली बरी.

एक गोष्ट विचारायची राहिली. बाबा म्हणतात, त्या रात्री खिडकीपाशी आणखी एक टेप चालू होता, कुणाचा ते आठवत नाही. नातेवाइकांपैकी किंवा मिरजेच्या जुन्या मंडळींपैकी कुणाच्या माळ्यावर १९८४ची बागेश्री असेल तर मला जरूर कळवा. त्यात तो षड्ज असेल. मिळाली तर प्रत नक्की करून ठेवीन. ती बाबांच्या आधी ऐकायची की बाबांबरोबर, की बाबा आहेत तोवर ऐकायचीच नाही, हे मात्र अजून ठरवलेलं नाही.