श्वास कापू नका

गेल्या वर्षापासून माझा मुलगा लागत नाही. पोटचा नव्हे. आठ-नऊ वर्षांचा, शेंबडा, खोटं बोलताना जास्त जोरात बोलणारा, ज्याच्या जिवावर अंधेरी-गोरेगावच्या डबिंग स्टुडिओंत मी अर्धा संसार चालवला, तो. मुलग्यांचे आवाज बहुतेक वेळा बायका करतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज मालिका संपायच्या आत फुटू शकतो. बाईचाही उतरतो, पाळी गेल्यावर. तेवढं कोणी धरत नाही.

वरची पट्टी गेली म्हणून मी रडत नाही. पट्टी काय, यंत्रावरसुद्धा चढवून मिळते. अडलंय ते श्वासावर. मोठं माणूस वाक्य संपवून श्वास घेतं. पोराला सांगायची घाई. त्याचा श्वास छातीत वरच्या वर असतो आणि भलत्याच जागी संपतो, कधी शब्दाच्या मधेच. पायलट, म्हणजे मूळ आवाजाचा ट्रॅक, कानात, नजर पडद्यावरच्या ओठांवर, आणि ते ओठ मिटायच्या आत हा तुटका श्वास टाकायचा. पूर्वी हे न ठरवता व्हायचं. आता ठरवून करते, आणि ठरवलेलं ऐकू येतं.

अकिको याजिमा यांनी जपानी कार्टूनमधला पोरगा शिनचॅन १९९२पासून केला आणि २०१८ साली सोडला. आवाज सांभाळण्याकडेच लक्ष जातं, सहज बोलता येत नाही, असं त्यांनी कारण दिलं. वाचून मी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडले. सोडलं मात्र नाही. मासाको नोझावा यांचा जन्म १९३६चा, आणि ऐंशी उलटल्यावरही कार्टूनमधला गोकू त्याच करत होत्या. आदर्श निवडायचा तर आपल्या सोयीचा.

कादंबऱ्या मी आधीपासून लिहिते. सध्या हातात आहे तिचं निवेदन एका पोराच्या तोंडी आहे, आणि घशातून गेलेला तो श्वास कागदावर तरी यावा असा माझा हट्ट आहे. येत नाही. स्वल्पविराम अर्थाला सांभाळतो, फुप्फुसाला नाही. टिंबं टिंबं दिली की पोरगं लगेच हिंदी सिनेमातलं आजारी बाळ होतं. आधी मी लिहिलं होतं, ‘मी विहिरीवर गेलो नव्हतो, बंड्या गेला होता.’ हा वकील बोलतोय. मग मोठ्यानं म्हणत, पेन्सिलीनं श्वास संपण्याच्या जागा टिपत, असं केलं: ‘बंड्या गेलेला विहिरीवर मी नाही मी वरच थांबलेलो काठावर.’ वाचणाऱ्याला कुठे थांबायला जागाच नाही. हवा संपते ती नेमकी ‘वरच’पाशी, आणि पोराचं खोटं तिथेच पकडलं जातं. मुद्रितशोधकांनी तिथे दोन स्वल्पविराम घातले. मी काढले. त्यांनी परत घातले. परत काढले. चांगला माणूस आहे, पण शब्द डोळ्यांनीच वाचतो.

तसे आमचे बरेच कादंबरीकारही. संवाद जिभेवर घोळवून न बघता छापायला देतात आणि समीक्षक त्याला ‘संयत’ म्हणतात. माझ्या पुस्तकांवर ‘संवाद जिवंत’ एवढंच येतं, म्हणजे बाकीचं मेलेलं, असा मी अर्थ काढते. जपानच्या हारुना इकेझावा आवाजाचं काम करतात, लिहितात, तिथल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेच्या अध्यक्षही होत्या. वडील नात्सुकी इकेझावा कादंबरीकार, आजोबा ताकेहिको फुकुनागाही कादंबरीकार. हे कळल्यावर कौतुकाआधी मनात आलं, घरचाच धंदा, मग काय! आमच्याकडे साहित्याच्या व्यासपीठावर ओळख करून देतात आणि पाठोपाठ म्हणतात, ‘ताई, जरा तो आवाज काढा ना.’ मी तोंड वाकडं करते आणि काढते. न विचारल्यास जास्त राग येतो.

आकाशवाणीच्या नाटकांत एका माइकभोवती आम्ही सगळे उभे असायचो. समोरच्यानं श्वास घेतला की आपली वेळ जवळ आली हे कानाला कळायचं. आता बूथमध्ये मी एकटी, समोरच्याचा ट्रॅक परवा होऊन गेलेला किंवा उद्या व्हायचा. नवीन पोरी गळा आवळून ‘लहान मूल’ करतात. दहा मुलं केली तर दहाही एकाच आईची. आणि ऑडिओबुकवाले? रेकॉर्डिंग झालं की बरेचजण श्वास कापून टाकतात, ‘क्लीन’ करतात. यंत्राचा आवाज तर स्वल्पविराम दिसला की शहाण्यासारखा थांबतो. अरिजित सिंगच्या आवाजाची परवानगीशिवाय यंत्रानं नक्कल करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ साली सांगितलं. ते नाव मोठं. माझ्या पोराची नक्कल झाली तर कोर्टात ओळख पटवायला मी कोणाला उभं करू?

एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. माझी कामं आता तिला मिळतात. तिचा ‘प’ माइकवर फुटतो, तो मी सुधारते. ‘च’ दोन्ही नीट घोटून घेते. श्वासाबद्दल अवाक्षर काढत नाही. तिच्याकडे तो आयता आहे, तिला पत्ता नाही, आणि शिकवणाऱ्यानं हात लावला की बिघडतो असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला मत्सर वाटतो.

प्रकाशक म्हणतात, पुस्तक ऐकण्यासाठी काढू तेव्हा तिच्याकडून वाचून घेऊ. मी करारात एवढंच घालायला लावलंय की श्वास कापायचे नाहीत. वाचणार मीच, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. मुलगा लागो न लागो, माझ्या पोराचं खोटं दुसरीनं बोललेलं मला चालणार नाही.